गोल्फसाठी रेंजफाइंडर घेताय? डब्यावरचा मोठा आकडा सोडा, झेंडा पकडतो का ते बघा

डब्यावर मोठ्या अक्षरात "१००० यार्ड" छापलेलं असतं आणि आपण तिथेच हुरळतो. मी पण हुरळलो होतो. ऑनलाइन सेलमध्ये एक स्वस्तातला रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, घेतला, १००० यार्ड, सहापट झूम, अँगल मोड, सगळं होतं त्यात, आणि पहिल्याच रविवारी कळलं की लांबची टेकडी हा पठ्ठ्या झटक्यात मोजतो पण १४० यार्डांवरचा होलमधला झेंडा काही त्याच्या हाती लागत नाही, दर वेळी मागच्या झाडाचं अंतर सांगतो. आता मला सांगा, २२ हँडिकॅपच्या, म्हणजे माझ्यासारख्या सामान्य खेळणाऱ्या, माणसाला १००० यार्ड मोजून करायचंय काय? आपला ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) पडतो दोनशे-दोनशेदहाला, दुसऱ्या शॉटला हातात हायब्रिड नाहीतर सात नंबरचा क्लब, म्हणजे खरं काम सगळं ८० ते २०० यार्डांच्या मधलं. आणि तो हजाराचा आकडा तरी कशासाठी असतो, तर चकचकीत, उजेड परत फेकणाऱ्या वस्तूसाठी. झाडासाठी तो आकडा कमी होतो आणि फडफडणाऱ्या कापडाच्या झेंड्यासाठी त्याहून कमी, ३००-४०० पर्यंत आला तरी पुष्कळ. त्यामुळे कंपनीच्या माहितीत "फ्लॅगपर्यंत किती" हा वेगळा आकडा दिलाय का ते शोधा, नसेल दिला तर का दिला नाही ते समजून घ्या.

हे असं का होतं ते एकदा कळलं की अर्धी खरेदी सोपी होते. यंत्र डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड लेझर सोडतं, तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर, जाऊन-येऊन २७४ मीटर, प्रकाशाला त्याला लागतो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही थोडा कमी वेळ. एवढं मोजणं आज स्वस्तातल्या यंत्रालाही जमतं, म्हणून एक यार्ड मागे-पुढे ही अचूकता सगळ्यांच्याच डब्यावर दिसते, त्यावरून निवड करू नका. गोची पुढे आहे. लेझरचा झोत लांब जाताना पसरतो, १५० यार्डांवर तो झेंड्याच्या काठीपेक्षा बराच रुंद झालेला असतो, काठी जेमतेम बोटभर जाड, मग थोडा झोत काठीवर आपटतो, थोडा झेंड्यावर आणि उरलेला सगळा मागच्या झाडावर. यंत्राकडे दोन-तीन उत्तरं एकदम येतात. त्यातलं कुठलं खरं मानायचं, हे ठरवण्यातच महाग आणि स्वस्त यंत्रातला फरक आहे. गोल्फच्या चांगल्या यंत्रात "सगळ्यात जवळची वस्तू आधी" असा नियम घातलेला असतो, निकॉनवाले त्याला फर्स्ट टार्गेट प्रायॉरिटी म्हणतात, बुशनेलवाले पिनसीकर म्हणतात, बाकीचे फ्लॅग लॉक, पिन लॉक काय काय म्हणतात, मतलब एकच.

आणि इथेच माझ्या पहिल्या यंत्राचं गुपित उघडं पडलं. ते मुळात शिकारीसाठी बनवलेलं होतं! शिकाऱ्याला उलटं हवं असतं, पुढच्या गवत-फांद्या सोडून मागचं जनावर मोजायचं, म्हणजे शेवटची वस्तू आधी. वर अँगल मोड. तो पण शिकारीचाच, म्हणजे चढ असो वा उतार, तो फक्त आडवं अंतर काढून देतो, त्यामुळे आकडा कमीच होतो, वाढत कधीच नाही. गोल्फमध्ये चढाला आकडा वाढायला पाहिजे, उताराला कमी व्हायला पाहिजे. बावधनच्या ऑक्सफर्डला चढावरच्या ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) हा दाखवायचा १५०, मी आनंदाने १५० चा क्लब काढायचो आणि बॉल जाऊन पडायचा पुढच्या वाळूच्या बंकरमध्ये, तीन-चारदा असं झाल्यावर बॅग उचलणारा कॅडी हळूच म्हणाला, "सर, यंत्र ठेवा बॅगेत, एक क्लब वरचा घ्या". ग्रीनवर पडला बॉल. तर ऑनलाइन घेताना वर्णनात "गोल्फ अँड हंटिंग" असं दोन्ही लिहिलेलं असेल तर दोनदा वाचा, गोल्फ मोड वेगळा आहे का, त्यात चढाला आकडा वाढतो का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

चढ-उतार धरून अंतर सांगायच्या या सोयीला स्लोप म्हणतात, त्याचा हिशोब डोक्यात ठेवायला सोपा आहे. ढोबळमानाने जेवढे यार्ड ग्रीन वर तेवढे यार्ड जास्त धरायचे. १५० यार्डांवर ३ अंशाचा चढ म्हणजे ग्रीन जवळजवळ ८ यार्ड वर, शॉट खेळायचा १५८ चा. ३ अंश म्हणजे डोळ्याला फार काही वाटत नाही, पण एक क्लब बदलतो. आता हे फीचर पाहिजे का, तर तुम्ही कुठे खेळता त्यावर आहे. खारघरला डोंगराच्या कुशीत खेळत असाल किंवा बावधनला, तर घ्याच. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर किंवा मुंबईत विलिंग्डनला रोज खेळणाऱ्याला स्लोपचा उपयोग कमी आणि झेंडा पकडण्याचा जास्त, कारण एकीकडे मागे झाडं आणि दुसरीकडे मागे बिल्डिंगी.

पण स्लोप घ्याल तर बाहेरून बंद करता येणारा घ्या. गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे अंतर मोजायला परवानगी आहे, उंचीतला फरक मोजायला नाही. २०१९ च्या आधी क्लबने स्थानिक नियम करून परवानगी दिली तरच रेंजफाइंडर वापरता यायचा, आता उलटं झालंय, परवानगी आहेच, कमिटीला नको असेल तर तिने स्थानिक नियम करून बंदी घालायची. यंत्रात स्लोप नुसता असणं गुन्हा नाही, तो चालू ठेवून खेळणं गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन फटके दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचं असतं तिथे) होल गेलं, दुसऱ्यांदा थेट बाद. आणि हे फक्त मोठ्या स्पर्धेपुरतं नाही बरं का, हँडिकॅपसाठी कार्ड भरताय तिथेही हाच नियम, तिथे आपण सोयीस्कर विसरतो. काही यंत्रांत बाजूला सरकवायचं बटण असतं आणि स्लोप बंद आहे हे समोरच्याला रंगावरून किंवा दिव्यावरून दिसतं, काहींमध्ये मेन्यूत जाऊन बंद करावं लागतं. बाहेरून दिसणारं घ्या, नाहीतर क्लबच्या महिन्याच्या मेडल स्पर्धेला बरोबरचे तिघं संशयाने बघत राहतात आणि तुम्ही अठरा होल खुलासे देत बसता. लेझर म्हणजे चीटिंग असं अजूनही म्हणणारे काका प्रत्येक क्लबात दोन तरी असतात, त्यांना सांगा की २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपला, कियावा आयलंडला, रेंजफाइंडर चालत होता, पुरुषांच्या मेजरमध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांमध्ये, पहिल्यांदाच, आणि ती स्पर्धा फिल मिकलसनने पन्नाशीत जिंकली. पन्नाशी म्हटल्यावर काका गप्प बसतात.

आता दुकानात काय करायचं. दुकानात आतमध्ये यंत्र लावून बघण्यात काही अर्थ नाही, वीस फुटांवरची भिंत सगळेच मोजतात, आणि काचेतून बाहेर तर अजिबात मोजू नका, काचेवरून झोत परत येतो आणि भलताच आकडा येतो. मालकाला सांगून बाहेर रस्त्यावर या. समोर शंभर-दीडशे यार्डांवर एखादा बारीक खांब शोधा ज्याच्या मागे बिल्डिंग किंवा झाड आहे, विजेचा खांब, साइनबोर्डचा पाइप, काहीही. खांबावर दहा वेळा मारा. दहापैकी आठ-नऊ वेळा खांबाचंच अंतर आलं तर यंत्र कामाचं, पाच वेळा बिल्डिंग आली तर परत द्या, मग त्याच्यावर कुणाचंही नाव असो. शक्य असेल तर अर्ध्या वेळा दम लागलेला असताना मारा, म्हणजे दुकानाचा जिना चढून येऊन, कारण सोळाव्या होलला आपला हात स्थिर नसतो. हात नुसता पाव अंश हलला की १५० यार्डांवर निशाण दोन फूट सरकतं. म्हणूनच सातपट-आठपट झूमच्या मागे लागू नका, झूम जितका जास्त तितकी थरथर जास्त दिसते, सहापट पुरे, १५० वरचा झेंडा २५ वर असल्यासारखा दिसतो. ज्यांचा हात खरंच कापतो, वयामुळे म्हणा किंवा आजारामुळे, त्यांनी मात्र इमेज स्टॅबिलायझेशनवाला घ्यावा, निकॉनचा कूलशॉट प्रो टू स्टॅबिलाइज्ड तसा आहे, महाग आहे पण त्या माणसाला बाकी कुठल्याच फीचरपेक्षा याचा उपयोग जास्त. एका ज्येष्ठ मित्राने माझ्यासमोर लावून बघितला, चित्र एकदम थांबल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

झेंडा सापडला की यंत्र थरथरतं किंवा लाल गोल दाखवतं, ते छान वाटतं पण त्यावर आंधळा विश्वास नको, मागच्या फांदीवरही थरथरणारी यंत्रं मी बघितलीत. थरथर म्हणजे "काहीतरी जवळचं सापडलं" एवढंच.

आकडा खरा आहे का हे घरच्या घरी तपासायचं असेल तर आपल्याकडे फुकटची मोजपट्टी आहे, क्रिकेटचं पीच. स्टंप ते स्टंप २२ यार्ड. एका स्टंपशी उभं राहून दुसऱ्या स्टंपमागे मित्राला पाटी नाहीतर बॅगेचं झाकण धरून उभा करा, २२ यायला पाहिजे, २१ किंवा २३ चालेल. लांबचं तपासायला शाळा-कॉलेजच्या मैदानावर शंभर मीटरची सरळ ट्रॅक आखलेली असेल तर तिथे १०९ यार्ड यायला पाहिजे. आणि हे करताना लक्षात येईल की यंत्र मीटरवर सेट आहे का यार्डावर. हसू नका, १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, नवीन यंत्र मीटरवर सेट होऊन आलेलं असेल आणि क्लबचे अंतर तुम्ही यार्डात पाठ केले असतील तर दिवसभर सगळे बॉल शॉर्ट पडतात आणि आपण स्विंगला शिव्या घालतो.

चष्मा असलेल्यांनी दोन गोष्टी बघायच्या. एक, डोळ्याजवळची रिंग फिरवून फोकस आपल्या नंबरला जुळवता येतो का. दुसरं, चष्मा न काढता पूर्ण गोल चित्र दिसतं का, त्यासाठी आय रिलीफ बघा, म्हणजे भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो, १६-१८ मिलिमीटर असेल तर बरं पडतं, त्यापेक्षा फार कमी असेल तर भिंगाच्या कडा काळ्या दिसतात आणि दर शॉटला चष्मा काढा-घाला. आकडे काळे की लाल हा पण वादाचा विषय. काळे आकडे भर उन्हात मोकळ्या आकाशासमोर झकास, पण आपण टी-ऑफ करतो सकाळी सहा-सव्वासहाला, समोर गर्द वड-पिंपळ, त्या काळोखात काळे आकडे दिसतच नाहीत. लाल दिसतात. सकाळचे खेळाडू असाल तर थोडे पैसे जास्त घालून लाल आकड्यांचा, ब्राइटनेस कमी-जास्त होणारा घ्या. पोलराइज्ड गॉगल घालून काळ्या डिस्प्लेत बघितलं तर कधीकधी आकडेच गायब होतात, यंत्र बिघडलं नाही, मान थोडी तिरकी करून बघा, दिसतील.

लोहचुंबक सध्या सगळ्यांनाच हवा असतो, कार्टच्या दांड्याला यंत्र चिकटवून ठेवायला. अमेरिकेत ठीक आहे, तिथे माणूस कार्टमध्येच राहतो. आपल्याकडे कॅडी आणि ट्रॉली, आणि ट्रॉलीचा दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर चुंबक चिकटणारच नाही, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो, पेसमेकर बसवलेला असेल तर चुंबकवालं यंत्र शर्टाच्या खिशात ठेवायचं नाही, छातीपासून किमान सहा इंच लांब. आपल्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, पेसमेकरवाले असतातच, त्यांना कुणी हे सांगत नाही.

पाऊस. जून ते सप्टेंबर खेळणाऱ्यांनी आयपीएक्सचा आकडा बघा. ४ म्हणजे नुसते शिंतोडे सोसेल, ६ म्हणजे जोराचा मारा, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. भुरभुर पावसात किंवा धुक्यात लेझर थेंबांवर आपटून १०-१५ यार्ड असे वेडे आकडे देतो, तेव्हा कुठलंच यंत्र फार हुशार नसतं. घरी आल्यावर ओलं यंत्र केसमध्ये कोंबून ठेवायचं नाही, आपल्या दमट हवेत भिंगाला बुरशी लागते, कॅमेरेवाल्यांना विचारा. वाळवून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डब्यात ठेवा. बॅटरी बहुतेक यंत्रांत सीआर२ लागते, ही गल्लीतल्या किराणा दुकानात मिळत नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, एक जास्तीची बॅगेत असू द्या. टाइप-सीने चार्ज होणारे पण निघालेत, सोयीचे आहेत, फक्त शनिवारी रात्री चार्जिंगला लावायची आठवण तुमच्या घरात कुणाला राहते तो भाग वेगळा.

मॉडेलं सांगा म्हणाल तर नावात गोंधळ करू नका. निकॉनमध्ये कूलशॉट २० जीटू बिनस्लोपचा आणि २०आय जीटू स्लोपवाला, तो एक "आय" तेवढा बघायचा. बुशनेलमध्ये टूर व्ही६ बिनस्लोपचा, व्ही६ शिफ्ट स्लोपवाला, बटण बाजूला. अमेरिकेत हे दोन आले तेव्हा ३०० आणि ४०० डॉलरला होते. शॉट स्कोपचा प्रो एलटू त्यांच्या निम्म्या किमतीच्या आसपासचा आणि मध्यम खिशाला बरा. सगळ्यात वरचे, बुशनेलचा प्रो एक्स३ वगैरे, तापमान आणि हवेचा दाब पण हिशोबात धरतात. पुण्यासाठी त्याची गरज नाही, पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, त्याने फरक पडतो दोन टक्के, १५० ला ३ यार्ड, आणि तुमचे अंतर तुम्ही पुण्यातच मोजलेत ना, मग तो फरक त्यात आलाच. गुलमर्गला, साधारण २,६५० मीटरवर, सुट्टीत खेळायला गेलात तर दहाएक टक्के बॉल लांब जातो, तेवढं तोंडी करता येतं. भाचा-पुतण्या अमेरिकेहून येतोय म्हणून मागवणार असाल तर त्या यंत्राची वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारा, आणि सुट्या बॅटऱ्या त्याला केबिनच्या बॅगेत ठेवायला सांगा. सेकंडहँड घेत असाल तर बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरा थर आहे का बघा आणि भिंगात उजेड पाडून बुरशीचे धागे दिसतात का बघा, मग तोच खांबाचा प्रयोग.

जीपीएसचं घड्याळ घ्यावं का लेझर, हा प्रश्न हमखास येतो. घड्याळ ग्रीनची सुरुवात, मध्य आणि शेवट सांगतं, झेंडा आज कुठे लावलाय ते त्याला माहीत नसतं. लेझर झेंडा सांगतो पण झेंडा दिसला तरच, डॉगलेगला, म्हणजे वळणाऱ्या होलला, झाडामागे अडकलात किंवा उंचवट्यापलीकडे ग्रीन असेल तर लेझर बॅगेत. गार्मिनच्या झेड८२ मध्ये दोन्ही एकत्र आहे, किंमतही दोघांची मिळून असते तशीच. ज्याचा बॉल फेअरवेच्या कापलेल्या गवतावर कमी आणि झाडीत जास्त असतो त्याने खरं तर आधी घड्याळ घ्यावं, हे मी स्वतःकडे बघूनच म्हणतोय.

आणि पैसे भरण्याआधी एक सकाळ ड्रायव्हिंग रेंजवर घालवा. सात नंबरने वीस बॉल मारा, सगळ्यात भारी दोन विसरून जा (तेच आपल्याला लक्षात राहतात), बाकीच्यांचं सरासरी अंतर लिहा, लोळून गेलेलं नाही, हवेतून पडलेलं. रेंजचे झिजलेले बॉल थोडे कमी जातात ते धरून चाला. प्रत्येक क्लबचं असं करा. माझा सात नंबर मी वर्षानुवर्षं १५० चा समजत होतो, निघाला १३५ चा. ते माहीत नसताना यंत्राने १४७ दाखवलं काय आणि १४८ दाखवलं काय, क्लब चुकीचाच निघणार. दशांशात १४७.३ दाखवणाऱ्या यंत्रांचं तर मला हसू येतं.

यंत्र घरी आल्यावर वापरायची पद्धत. दोन्ही कोपर छातीला टेकवा किंवा हात ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवा, श्वास अर्धा सोडा, बटण दाबून धरून झेंड्यावरून डावीकडून उजवीकडे हळू फिरवा. आकडे असे पळतील, १७१, १७०, १४८, १७२, तर १४८ झेंडा, बाकी मागची झाडं. मग मुद्दाम मागच्या झाडावर मारून बघा, दोन्ही आकडे वेगळे आले म्हणजे झेंडाच पकडला होता. आणि तिसरं माप पुढच्या बंकरच्या ओठाचं घ्या, हे कुणीच करत नाही. झेंडा १४८, बंकरचा ओठ १३८, तर माझा १३५ वाला सात नंबर अर्थातच बाद, सहा घेतला तर १४५ ला पडून बंकर पार आणि झेंड्याच्या अलीकडे, मला आणखी काय पाहिजे. वारा मात्र लेझरला कळत नाही, गवत उडवून बघायचंच.

हे सगळं आपली पाळी यायच्या आधी उरकायचं, पुढचे खेळत असताना. नाहीतर मागचा फोरबॉल कमरेवर हात ठेवून बघत असतो. मी आता यंत्र कॅडीच्याच गळ्यात देतो, मी बॉलपर्यंत पोचेपर्यंत त्याने मोजलेलं असतं. सुरुवातीला तो आधी नुसत्या नजरेने आकडा सांगायचा आणि मग यंत्र लावायचा, सांगितलेला आणि यंत्रातला फरक तीन यार्डांच्या वर क्वचितच गेला. हल्ली एवढंच म्हणतो, "सर, मशीन एकशे अठ्ठेचाळीस म्हणतंय, पण वारा समोरून आहे, पाच नंबर घ्या".